आईच्या नव्या-जुन्या फोनवर बीपी मशीनचं अ‍ॅप चालत नाही, सोमवारी डॉक्टरांना आकडे द्यायचेत (मदत हवी आहे)

कोयनाकाठ
आई कराडला, मी पुण्यात. दिवाळीत ब्लूटूथचं बीपी मशीन घेऊन दिलं, अ‍ॅप टाकलं, समोर बसून चारदा करून घेतलं. व्यवस्थित जमत होतं. आता दोन आठवडे अ‍ॅपमध्ये एकही आकडा आलेला नाही. गोळी बदलली आहे, त्यामुळे डॉक्टरांना सोमवारी सकाळ-संध्याकाळचे आकडे बघायचेत. रोज फोनवर अर्धा तास समजावतो, शेवटी माझा आवाज चढतो आणि ती "राहू दे रे, तू तुझं काम कर" म्हणून फोन ठेवते. मग मला झोप लागत नाही. कुणी आईवडिलांना हे शिकवलंय का? नेमकं कसं? लवकर सांगा.

मोरपीस
फोन कुठला? आकडा मशीनवर दिसतो आणि अ‍ॅपमध्ये उतरत नाही, की मशीनच चालू होत नाही? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शिरवळकर
मशीन ठेवा बाजूला, स्मार्ट घड्याळ घेऊन द्या. माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत, एका शब्दाने काही शिकवावं लागलं नाही. मनगटावर बांधलं की झालं.

ओपीडीतली
मी १९ वर्षं नर्स आहे. गोळी बदलल्यावर घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नका, कृपया. दंडाचंच मशीन हवं. आणि अ‍ॅपपेक्षा आई मोजते कशी ते आधी विचारा. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवतात, ती दंडाला दोरीसारखी आवळते आणि वरून पट्टा बांधतात. तो आकडा धरायचा नाही. सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन घालून मोजू दे.

शिरवळकर
घड्याळाने बाबांचे ठोके अनियमित दाखवले म्हणूनच आम्ही वेळेत ईसीजी काढला. सरसकट नावं ठेवू नका.

ओपीडीतली
ठोक्यांसाठी उपयोग झाला, चांगलंच झालं. बीपीचं वेगळं आहे. जी घड्याळं बीपी दाखवतात त्यातली काही ठरावीक दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावी लागतात. म्हणजे मशीन लागतंच.

जुनाजाणता
सगळ्यात आधी आईंचं आभा, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, काढा. १४ आकडी नंबर मिळतो. अनेक सरकारी दवाखान्यांत क्यूआर स्कॅन केला की केसपेपरच्या रांगेचं टोकन फोनवर येतं. ७० च्या पुढे असतील तर ५ लाखांचे उपचारही त्यावर फुकट.

मोरपीस
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका, लोक कागद घेऊन हेलपाटे घालतात. ५ लाखांचं ते आयुष्मान वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ पासूनचं, आणि ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं. आभा हे नोंदी जोडण्यासाठी आहे. आणि धागाकर्त्याने यातलं काहीच विचारलेलं नाही.

कोयनाकाठ
मशीनवर आकडा दिसतो, अ‍ॅपमध्ये उतरत नाही. फोन अँड्रॉइड. आणि हो, एक राहिलंच: दिवाळीतला फोन न्हाणीत पडून गेला. हा बहिणीचा वापरलेला आहे, कुरियरने पाठवला. अ‍ॅप मी व्हिडिओ कॉलवर सांगून टाकून घेतलं.

मोरपीस
हे पहिल्या ओळीत हवं होतं! नव्या फोनवर अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की परवानग्यांच्या चौकटी येतात. आईंनी "नको" दाबलं असणार. दोनदा नाही म्हटलं की हल्लीचे अँड्रॉइड पुन्हा विचारतच नाहीत, म्हणून तुम्ही कितीही समजावलंत तरी ती चौकट आता येणार नाही. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, परवानग्या, तिथे "जवळपासची डिव्हाइस" ला होकार द्या. फोन जुना असेल तर स्थानाची परवानगी द्यायची आणि वरच्या पट्टीतलं लोकेशनही चालू ठेवायचं, नाहीतर ब्लूटूथ मशीन सापडत नाही. मग मशीन अ‍ॅपमधूनच नव्याने जोडा, फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून नको.

गोदामाई
मी स्वतः ७१ वर्षांची आहे, म्हणून लिहिते. मुलं फोन हातातून घेतात, झरझर चार ठिकाणी बोट लावतात आणि "बघ, इतकं सोपं" म्हणून परत देतात. आम्हाला काय दिसलं? तुमचं बोट. माझ्या नातीने फोन माझ्याच हातात ठेवला, ती फक्त बोलली. प्रत्येक पायरी मी वहीत माझ्या शब्दांत लिहिली, "निळ्या हृदयावर टेकव, थांब, गोल फिरेल". आणखी एक. आमची बोटं कोरडी. दाबलेलं लागत नाही म्हणून आम्ही जोरात, वेळ लावून दाबतो, मग चित्र जागचं हलतं नाहीतर पुसू का म्हणून विचारतं. घाबरायला होतं. सुलभतेच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याची वेळ वाढवता येते. नातीने ती सगळ्यात लांबची केली, तेव्हापासून माझं एकही चित्र हललेलं नाही.

वाईकर_आप्पा
एवढा खटाटोप कशाला? वहीत लिहायचं, रविवारी वहीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. डॉक्टरांना आकडे हवेत, अ‍ॅप नको.

ओपीडीतली
सोमवारपुरतं आप्पांशी सहमत. बहुतेक मशीनच्या मेमरीत जुने आकडे असतात, मेमरीचं बटण दाबत मागे जा. दोन आठवडे फुकट गेलेले नसतील. फक्त सेल बदलले असतील तर तारीख तपासा.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारची कॉलेजातली मुलगी बसली आईजवळ, फोन आईच्याच हातात. परवानगी बंदच होती. आईला विचारलं, नको का दाबलंस? म्हणाली, "तूच सांगितलंस की, फोननं काहीबी मागितलं तर नाही म्हणायचं. मी तर तुझंच ऐकलं." आमच्या आळीत एकांच्या खात्यातून पैसे गेले होते, तेव्हा मी तिला हे दहा वेळा बजावलं होतं. आणि दोन आठवडे तिलाच ओरडत होतो. माफी मागितली.

आता तिच्या वहीत दोन पानं केलीत. एकावर बीपीच्या अ‍ॅपने काय मागितलं तर हो म्हणायचं. दुसऱ्यावर ओटीपी, पिन, पैसे, अनोळखी लिंक: नाही म्हणायचं आणि मला फोन करायचा. त्याच पानावर वर १९३० लिहिलंय, पैसे गेलेच तर लगेच लावायला.

मेमरीत २३ आकडे निघाले, वहीत उतरवून घेतले. आज संध्याकाळचा अ‍ॅपमध्ये आपोआप उतरला, १४२/८४. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा निरोपही आला: "चा नंतर घेतला."