एझला गेलात तर वरपर्यंत चढा

एझ हे दक्षिण फ्रान्समधलं, समुद्रकाठच्या डोंगरावरचं जुनं गाव. ‘नीसहून मोनाकोला जाताना एझ अर्ध्या तासात उरकतं, नुसती दुकानं आहेत’ हे एकाचं मत मला अजिबात पटलं नाही. दुकानं आहेत, पण गाव त्यांच्यापाशी संपत नाही. चौदाव्या शतकातल्या वेशीतून आत शिरलं की गाडी नाही, फक्त दगडी गल्ल्या आणि पायऱ्या. माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून उंच, किल्ल्याचे अवशेष आहेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने तो १७०६ मध्ये पाडायला लावला. त्याच पडक्या भिंतींभोवती १९४९ मध्ये निवडुंगांची बाग केली. तिकीट काढून जरूर जा! समोर काप फेराचं भूशिर आणि खाली थेट निळा समुद्र. मी तिथे नुसती बसून राहिले होते.

पायांत बळ असेल तर खालच्या एझ-सुर-मेर स्टेशनवरून जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या नावाच्या पायवाटेने चढा. आपल्या लेखनाचा एक महत्त्वाचा भाग ह्याच चढणीवर सुचला, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तास-दीड तास लागतो, वाट खडकाळ आहे. पाणी आणि चांगले बूट हवेतच, आणि उन्हाळ्यात दुपार टाळा. गुडघे दुखत असतील तर नीसहून बस थेट गावापर्यंत येते.