मार्सेलान : बारीक मणी हा दोषच आहे का?
मार्सेलान या वाइनच्या द्राक्षजातीचे मणी बारीक, म्हणून रस कमी आणि म्हणून ही जात लावण्यात अर्थ नाही, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. द्राक्षसंशोधक पॉल त्र्युएल यांनी १९६१ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये काबर्ने सोव्हिन्यों आणि ग्रनाश या तांबड्या द्राक्षजातींचा हा संकर केला, तेव्हा भरघोस उत्पन्नाचीच अपेक्षा होती आणि ती पुरी न झाल्यामुळे ही जात १९९० पर्यंत अधिकृत यादीबाहेर राहिली, हे खरे आहे. परंतु मणी बारीक असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते, आणि तांबड्या वाइनचा रंग व टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) मुख्यतः सालीतूनच उतरत असल्यामुळे तोच दोष पुढे गुण ठरला.

या आक्षेपात राहून गेलेली बाब रोगांची आहे. भुरी आणि करडी कूज हे बुरशीजन्य रोग हिच्यावर तुलनेने कमी पडतात, शिवाय ग्रनाशला सतावणारी फुलोऱ्यातील गळ हिच्यात फारशी होत नाही. मात्र दोन्ही पालक अशा रोगांना सहज बळी पडणाऱ्या युरोपीय द्राक्षवेलीच्याच जातीचे असल्याने हिला रोगमुक्त समजून फवारण्या बंद करणे अत्यंत घातक ठरेल. वाढत्या तापमानाचा विचार करून फ्रान्समधील बोर्दो या वाइन-प्रदेशाने २०२१ मध्ये हिला परवानगी दिली, तीही लागवडीच्या ५ टक्के आणि वाइनच्या मिश्रणाच्या १० टक्के मर्यादेतच.