मदत हवी आहे: अर्धवट राहिलेल्या डावाच्या निकालावर अपील आलंय, काय करावं?

नमस्कार मंडळी.

सोलापुरात आम्ही काही मंडळं मिळून बुद्धिबळाची सांघिक लीग चालवतो. सामने शनिवारी संध्याकाळी, नवी पेठेजवळच्या एका हॉलमध्ये. घड्याळं जुनी, चावीची. पहिल्या ३० चालींना प्रत्येकी ७५ मिनिटं, पुढे जमेल तेवढं. साडेनऊला हॉल रिकामा करावाच लागतो, शिवाय बार्शी-पंढरपूरच्या पोरांना एसटी गाठायची असते. तोवर न संपलेल्या डावाची स्थिती कागदावर उतरवायची, चाल कोणाची ते लिहायचं, दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्यायच्या आणि निकालासाठी एका जाणत्या खेळाडूकडे पाठवायचं, अशी पद्धत आहे. कागद सांभाळायचं काम माझ्याकडे.

गेल्या फेरीतला एक डाव असा अडकला: पांढऱ्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी, एक एफ पट्टीत, एक एच पट्टीत. काळ्याकडे राजा आणि हत्ती, बस. निकाल आला बरोबरी. पांढऱ्याचे कर्णधार भडकले. मोबाईलवरचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा प्रोग्राम, पांढऱ्याला अडीचच्या वर (अडीच प्याद्यांपेक्षा जास्त आघाडी) देतंय, हे एक. आणि काळ्याकडून खेळणारा पोरगा नववीतला, दमलेला; पुढे कुठेतरी चुकलाच असता, हे दुसरं. "मशीन खोटं बोलायलंय काय ओ?" असं मलाच विचारतात. अर्ध्या गुणावर पहिला नंबर अडलाय, म्हणून एवढा ताप.

आमच्या नियमावलीत अपिलाबद्दल एकच ओळ आहे: 'अपील समितीकडे करावे.' मुदत किती, फी किती, काही नाही. समितीत तिघं, त्यातले दोघं याच दोन संघांचे! कोणाला अनुभव असेल तर सांगा.

तिरपा उंट:
चाल कोणाची आणि प्यादी नेमकी कोणत्या घरांत, ते आधी टाका. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. एफ आणि एच प्याद्यांची हत्तीची एंडिंग (डावाचा शेवटचा टप्पा) साधारणपणे बरोबरीची मानतात, पण हरलेल्या स्थितीही त्यात भरपूर आहेत, आणि वाचवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

पण तुमच्या डावात वाद घालायचं कारणच नाही. राजे आणि प्यादी धरून पटावर सहा मोहरे आहेत. सात मोहऱ्यांपर्यंतचा सिझिजी टेबलबेस, म्हणजे प्रत्येक स्थितीचा आधीच मोजून ठेवलेला पक्का निकाल, २०१८ पासून तयार आहे, लिचेस या साइटवर फुकट बघायला मिळतो. तिथे अडीच-पावणेतीन असली भाषा नाही. जिंकणं, हरणं किंवा बरोबरी, एवढंच. पन्नास चालींचा नियमही (तेवढ्या चालींत ना प्यादं हललं, ना काही मारलं गेलं, तर बरोबरी मागता येते) त्यात धरलेला असतो. इंजिनचा अडीच हा अंदाज आहे. एच पट्टीतलं प्यादं आणि पांढऱ्या घरांवरचा उंट घेऊन बसा, समोरचा एकटा राजा एच ८ च्या कोपऱ्यात पोचला की जन्मभर खेळलात तरी जिंकणार नाही. तिथेही साधं इंजिन मोठा आकडा दाखवू शकतं.

जुना पंच:
नववीतल्या पोराचा मुद्दा आधी बाजूला काढा. असा निकाल देताना एकच प्रश्न असतो: दोघंही इथून उत्तम खेळले तर काय होईल? समोर नववीतला असो की ग्रँडमास्टर. नाहीतर निकाल स्थितीचा न राहता माणसाचा होतो, आणि दरवेळी लहान पोरंच हरतील.

इंग्लंडमधल्या स्थानिक लीगांमध्ये हे वर्षानुवर्षं चाललं, कारण तिथले सामनेही कामावरून सुटल्यावर, संध्याकाळीच. तिथली रीत उचलण्यासारखी आहे. आपला दावा काय, जिंकण्याचा की बरोबरीचा, हे आधीच लेखी द्यायचं, सोबत चाली लिहून. अपिलाला मुदत, थोडी अनामत, अपील मान्य झालं तर ती परत. अपील ऐकणारा माणूस मात्र दुसरा हवा. पहिल्यानेच स्वतःचा निकाल तपासायचा नाही. 'आमची स्थिती बरी होती' हे अपील नव्हे. जिंकता येतं म्हणता ना, मग चाली दाखवा. बारा-पंधरा मोहरे असलेल्या डावात तर हे फारच लागतं, तिथे टेबलबेस नाही आणि विरुद्ध रंगांच्या उंटांत (एकाचा पांढऱ्या घरांवर, दुसऱ्याचा काळ्या) इंजिन दोन प्यादी वर दाखवूनही पुढे काही घडत नाही.

हत्तीवाला:
माझं मत, ही पद्धतच सोडा. पूर्वी डाव तहकूब करून चाल पाकिटात बंद करायचे. १९७२ला रेक्याविकमध्ये फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या लढतीचा २१वा डाव असाच थांबला आणि दुसऱ्या दिवशी स्पास्कीने फोनवरून हार मानली. आता रात्री घरी जाऊन प्रत्येकजण इंजिन लावणार, पाकिटाला काय अर्थ? डिजिटल घड्याळं घ्या, इन्क्रिमेंट (प्रत्येक चालीला काही सेकंदांची वाढ) लावा, डाव पटावरच संपवा. घड्याळं परवडत नसतील तर ठरावीक वेळेत पूर्ण डाव ठेवा. इन्क्रिमेंट नसलेल्या डावांसाठी फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत मार्गदर्शक भाग आहे: दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेल्या खेळाडूला, स्वतःची चाल असताना, दोघांनाही पाच-पाच सेकंदांची वाढ द्या अशी मागणी करता येते. हे वापरणार असल्याचं स्पर्धेआधी जाहीर करावं लागतं.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही कर्णधारांना बसवून सही केलेल्या कागदावरूनच स्थिती टेबलबेसमध्ये भरली. बरोबरी. आता पांढऱ्याचे कर्णधार म्हणतात, टेबलबेस वापरणार हे नियमात कुठंय? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण निकाल माणसानेच दिला होता, यंत्राने नंतर फक्त री ओढली. तरी अपील रीतसर चालवतोय. लीगबाहेरच्या एका जाणकाराकडे, संघांची नावं झाकून, आणि कर्णधारांकडून चाली लिहून मागितल्यात. अजून आलेल्या नाहीत.

घड्याळांचं पुढच्या हंगामात बघू, पैसे जमायचेत. अनामतीचा आकडा तेवढा सुचवा. दोनशे ठेवले तर लोक रागाच्या भरात अपील ठोकतील, हजार ठेवले तर पूर्व भागातला शाळकरी पोरांचा संघ खरा मुद्दा असूनही गप्प बसेल. तुमच्याकडे किती घेतात?