बोटॉक्स की फिलर?

प्रश्न: भुवयांमधल्या उभ्या आठ्या आणि नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतच्या घड्या, दोन्हींना एकच इंजेक्शन चालतं का?

उत्तर १: नाही. आठ्या स्नायू आकसल्याने पडतात. बोटॉक्स नसेच्या टोकाशी ॲसिटाइलकोलीन (स्नायूला आकसायला सांगणारं रसायन) सुटू देत नाही, म्हणून स्नायू सैलावतो. नेहमीचा डोस २० युनिट, पाच जागी ४-४. पुरता परिणाम १४ दिवसांत, टिकतो ३-४ महिने.

उत्तर २: घड्यांना हायलुरॉनिक ॲसिडच्या जेलचं फिलर. ते फक्त जागा भरतं. रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी पडते, दुखते. मग ते विरघळवणारं हायलुरॉनिडेझ तातडीने टोचावं लागतं. क्लिनिकमध्ये हायलुरॉनिडेझ आहे का, आधी विचारा. भुवयांमध्ये फिलर नकोच, दृष्टी जाऊ शकते.

प्रश्न: आणि बोटॉक्सने पापणी लोंबते म्हणतात ते?

उत्तर १: औषध खाली पसरलं तर. टोचल्यावर चार तास चोळू नका, आडवं होऊ नका. लोंबलीच तर काही आठवड्यांत सावरते. बोटॉक्सला फिलरसारखा उतारा नाही.