पाणी गार करण्याआधी वेळ मोजावा

तिएग्वानयिन या चिनी चहाची पाने हिरवी दिसतात, म्हणून त्यासाठी हिरव्या चहाप्रमाणे ८० अंशांचेच पाणी घ्यावे, नाहीतर तो कडू होतो, असे काहीजण सुचवतात. मी याच्याशी सहमत नाही. चीनच्या फूच्येन प्रांतातील आन्शी येथील हा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार, कमी ऑक्सिडीकरण झालेला (हवेने कमी काळवंडलेला) असला, तरी त्याची पाने वळून घट्ट गोळ्या केलेल्या असतात, आणि त्या नीट उलगडण्यासाठी ९५ अंशांच्या पुढचे पाणी लागते. त्याहून गार पाण्यात वरचा पदर भिजतो, आतले पान मिटलेलेच राहते.

कडवटपणा बहुधा जास्त वेळ मुरू दिल्याने येतो. सुमारे १०० मिलिलिटरच्या गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या बिनकानी वाटीत, मी ६ ग्रॅम चहा घेतो. वाटी आधी तापवावी, पहिले पाणी लगेच ओतून टाकावे, त्यानंतरचे २० सेकंदांत गाळावे. पुढच्या खेपेला त्याहूनही कमी वेळ पुरतो, कारण तोवर गोळ्या सुटू लागलेल्या असतात. मग दरवेळी ५ ते १० सेकंद वाढवत जावे. भांड्यात चहा खळखळ उकळण्याची सवय असलेल्या हाताला ही घाईच वाटते, हे कबूल. चौथ्या पाण्याच्या सुमारास फुगलेली पाने झाकणाला टेकतात.

प्रत्येक वेळी शेवटचा थेंबही निथळू द्यावा आणि झाकण कलते ठेवावे, कारण तळाशी उरलेल्या घोटभर पाण्यात आणि कोंडलेल्या वाफेत पाने शिजत राहतात.