अमेरिकेच्या सुरुवातीच्या वसाहती: जमिनीने घडवल्या की धर्माने?

दगडमाती:
इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला गेले ते धर्मासाठी गेले म्हणून तिकडे शाळा आल्या, गावसभा आल्या, आणि व्हर्जिनियाला गेले ते पैशासाठी गेले म्हणून तिकडे गुलामी आली, असं सगळीकडे सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. कुठलीही माणसं नेऊन सोडा, चाळीस-पन्नास वर्षांत तिथली जमीन आणि पाणी त्यांना आपल्या वळणावर आणतंच.
व्हर्जिनियातलं जेम्सटाउन घ्या. 1607 साली जागा निवडली ती कशावरून, तर स्पॅनिश जहाजांपासून आडोसा होता आणि नदी काठालगतच इतकी खोल की जहाज थेट झाडाला बांधता यायचं. पण आजूबाजूला दलदल, भरतीचं खारं पाणी नदीत आतपर्यंत यायचं आणि उन्हाळ्यात लोक तेच प्यायचे. पहिल्या 104 जणांपैकी जानेवारी 1608 पर्यंत 38 राहिले. 1609-10 च्या हिवाळ्यात तर पाचशेच्या आसपास होते त्यातले साठेक वाचले. बरं, तिथे धर्म नव्हता असंही नाही, रोज दोनदा प्रार्थनेला हजर राहायचा कायदा होता, चुकवली तर आधी त्या दिवसाचं रेशन बंद, मग फटके. एवढं करून पुढे काय झालं? तंबाखू आला. तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस खातो, मग नवीन जंगल तोडा, अजून माणसं आणा. आणि नद्या अशा की लंडनचं जहाज सरळ मळ्याच्या धक्क्याला लागणार, मग गाव वसवायचं कशाला आणि बाजारपेठ कुणाला हवी? मळेवाले मैलोन्‌मैल पांगले. गाव नाही तिथे शाळा कुठून येणार?

निरुपमा_व:
जेम्सटाउनबद्दल ठीक, पण त्यावरून सगळ्या वसाहतींचा निकाल नका लावू. मॅसॅच्युसेट्समध्ये पण जंगल होतंच की, पांगायला कुणी अडवलं होतं? अडवलं ते धर्माने. 1635 साली तिथल्या सरकारने हुकूम काढला की नवीन गावांत प्रार्थनाघरापासून अर्ध्या मैलाच्या बाहेर परवानगीशिवाय घर बांधायचं नाही. म्हणजे लोकांनी शेत कुठे करायचं नि घर कुठे बांधायचं हे जमिनीने ठरवलं नाही, रविवारी देवळात कोण दिसतं नि कोण दिसत नाही याने ठरवलं. मग 1647 चा कायदा, पन्नास घरांचं गाव झालं की लिहा-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचा, शंभर घरं झाली की ग्रामर स्कूल काढायचं. कारण कायद्यातच लिहिलंय, सैतान लोकांना बायबलपासून लांब ठेवायला बघतो म्हणून. हे कुठल्या मातीतून उगवलं सांगा बरं? आणि 1630 च्या दशकात वीसेक हजार लोक आले ते बायकामुलांसकट आले, व्हर्जिनियात सुरुवातीला येणारे बहुतेक एकटे तरुण पुरुष. कुटुंब घेऊन आलेला माणूस वेगळा वागतो.

दगडमाती:
तो अर्ध्या मैलाचा हुकूम 1640 मध्ये रद्द पण करावा लागला ना निरुपमाताई? लोकांना कुरणं हवी होती, जमीन हवी होती. पाच वर्षं टिकला.
आणि माझा मुख्य पुरावा तर पुढेच आहे, प्रॉव्हिडन्स बेट. निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोरचं, आज कोलंबियाकडे आहे. 1630 मध्येच, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं बॉस्टन वसलं त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या प्युरिटन (मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या त्याच कडक प्रोटेस्टंट पंथाच्या) पुढाऱ्यांनी तिथेही वसाहत काढली. तेच बायबल, त्याच विचारांचे लोक. पण बेट उष्ण, मग तंबाखू आणि कापूस, मग आफ्रिकन गुलाम, आणि 1641 मध्ये स्पॅनिशांनी बेट घेतलं तोवर ती मळेवाल्यांचीच वसाहत झाली होती. बॉस्टनची थंडी आणि प्रॉव्हिडन्सचं ऊन एवढाच काय तो फरक.

मधु_बॉस्टन:
+१ दगडमाती. मी इकडे बरीच वर्षं राहतोय, जंगलात फिरायला गेलं की झाडीच्या मधोमध दगडी बांध लागतात, लांबच लांब, कुणाच्याही शेताला न लागणारे. हिमनद्यांनी आणून टाकलेले धोंडे, दर हिवाळ्यात जमीन गोठली की नवीन वर येतात, शेतकरी उचलून कडेला रचायचे, नंतर शेती सोडून लोक पश्चिमेला गेले नि जंगल परत वाढलं. अशा जमिनीत मळा काय करणार? म्हणून लोक समुद्राकडे वळले, कॉड मासा पकडायचा, मीठ लावून सुकवायचा. चांगला माल स्पेन-पोर्तुगालला, कारण तिथल्या कॅथलिकांना उपासाच्या दिवशी मटण चालायचं नाही पण मासा चालायचा. आणि तुटका, निकृष्ट माल कॅरिबियनच्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांना खायला. म्हणजे बॉस्टनचं पोट मळ्यांवरच चालत होतं, फक्त मळा डोळ्यासमोर नव्हता.

निरुपमा_व:
मधु, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. हे इकडच्या शाळांत पण शिकवायला हवं.
पण प्रॉव्हिडन्स बेटाचं अर्धंच सांगितलंत दगडमाती. तिथल्या सॅम्युएल रिशवर्थ नावाच्या वसाहतकाराने उघड म्हटलं की ख्रिस्ती माणसाने गुलाम ठेवणं बरोबर नाही, आणि पळून जाणाऱ्यांना मदत केली. वसाहत चालवणाऱ्या कंपनीने त्यालाच झापलं, की हे लोक ख्रिस्ती झालेले नाहीत तोवर त्यांना ठेवायला हरकत नाही. बघा, विरोध करणाराही धर्मातून बोलतोय आणि समर्थन करणारेही. ऊन माणसाला घाम आणेल, पण गुलाम ठेवणं पाप नाही हे तुमच्या मनाला ऊन नाही पटवून देत, त्याला शास्त्र लागतं.

रानवाटा:
तुम्ही दोघंही एक मोठी गोष्ट सोडताय. "जमीन" म्हणताय ती मोकळी होती का? 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजाने आलेले इंग्रज मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्लिमथला उतरले ती जागा म्हणजे पटक्सेट गाव, वांपानोआग या तिथल्या मूळ लोकांचं. 1616 ते 1619 च्या साथीत गाव संपलं, शेतं साफ केलेली तशीच पडलेली. उतरलेल्या 102 पैकी निम्मे तरी पहिल्या हिवाळ्यात मेले, बाकीचे जगले ते त्या गावातून वाचलेल्या टिस्क्वांटमने मका कसा लावायचा, मुळाशी खत म्हणून मासे कसे पुरायचे ते दाखवलं म्हणून. आणि 1633-34 मध्ये देवीची साथ आली तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विन्थ्रॉप पत्रात लिहितो की देवानेच आमचा या जमिनीवरचा हक्क निर्वेध केला. माणसं मरतायत आणि याला सातबारा कोरा झालेला दिसतोय. हा भूगोल की धर्म, तुम्हीच ठरवा. मला तर वाचून संताप येतो.

नगरकर:
थोडं आपल्याकडचं सांगतो, अवांतर वाटलं तरी. निरुपमाताईंनी सांगितलेलं ते वाचायचं वेड नगरपर्यंत आलंय. 1810 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँग्रिगेशनल चर्चवाल्यांनी, म्हणजे याच प्युरिटनांच्या वारसांनी, मिशन बोर्ड काढलं, 1813 ला त्यांची माणसं मुंबईत उतरली, मराठी शिकली, शाळा काढल्या, छापखाना घातला. त्यांचं ज्ञानोदय हे मराठी नियतकालिक 1842 मध्ये नगरला सुरू झालं. आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढायच्या आधी नगरला मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा बघितली होती. बॉस्टनची जमीन खडकाळ होती म्हणून नगरला शाळा निघाली असं नाही ना म्हणता येणार! माती जागच्या जागी राहते, धर्म जहाजात बसून येतो.

दगडमाती:
नगरकर, हा मुद्दा भारी आहे, मान्य. पण व्हर्जिनियाकडे परत या. कंपनीने प्रॉव्हिडन्सला जो नियम सांगितला, ख्रिस्ती नाहीत तोवर गुलाम, त्याच हिशोबाने बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, झाल्यावर सोडायला हवं ना? व्हर्जिनियात लोक ते मागायला लागले, तर 1667 मध्ये विधानसभेने कायदा केला की बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. म्हणजे धर्म आणि तंबाखू समोरासमोर आले तेव्हा धर्माने वाट सोडली. जॉर्जियातही तेच, संस्थापकांनी 1735 मध्ये गुलामीवर बंदी घातली, शेजारच्या कॅरोलायनात भाताचे मळे नफ्यात चाललेले बघून लोक मागे लागले आणि 1751 ला बंदी उठली.

निरुपमा_व:
पण कायदा करावा लागला ना! बाप्तिस्म्याला काही वजनच नसतं तर मळेवाल्यांना तो कागद हवा कशाला होता? त्यांना भीती होती म्हणून केला. आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम पेनने वसवलेल्या पेनसिल्वेनियाबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलं नाहीये. 1688 मध्ये तिथल्या जर्मनटाउन गावच्या चौघांनी गुलामीविरुद्ध अर्ज लिहिला, क्वेकरांच्या वरच्या सभांनी तो बाजूला ठेवला, स्वतः पेनकडे गुलाम होते, सगळं कबूल. तरी त्याच क्वेकरांनी 1776 मध्ये गुलाम ठेवणाऱ्याला सभासदच ठेवायचं नाही असं ठरवलं.

दगडमाती:
गहू पिकवणाऱ्यांना ते परवडलं. गव्हाला पेरणी-कापणीलाच माणसं लागतात, तंबाखूसारखी वर्षभर नाही.

निरुपमा_व:
फिलाडेल्फियाचे श्रीमंत क्वेकर व्यापारी गहू कापत नव्हते हो, त्यांच्या घरात गुलाम होते. त्यांना कुठल्या पिकाने सोडायला लावलं ते सांगा, मग पुढे बोलू.