मेंदूवरची संशोधन-व्याख्यानं: दहाव्या मिनिटाला गाडी सुटते, काय करावं?

केगावकर_प्राणी

एमएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष, सोलापूर विद्यापीठ. विभागात अधूनमधून बाहेरचे संशोधक बोलायला येतात, काही ऑनलाइन असतात. माझा विषय अ‍ॅनिमल फिजिओलॉजी, त्यामुळे न्यूरोसायन्सचं काही असलं की मी पहिल्या रांगेत बसतो. सुरुवातीला मेंदूचं रंगीत चित्र येतं, एखादा विनोद होतो, तोवर सगळं कळतं. मग पडद्यावर वाकड्यातिकड्या रेघा सुरू होतात. पॅच, स्लाइस, ट्रेस, पी व्हॅल्यू. त्यापुढे मी नुसता मान हलवतो. शेवटी नेहमीचे दोन सर प्रश्न विचारतात आणि आम्ही चहाला पळतो.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, पण मला नाही वाटत दुखणं फक्त इंग्रजीचं आहे. रूममेट म्हणतो, "काय बे, सर्टिफिकेट मिळतंय की, समोसा खा अन् ये." मला पुढं पीएचडी करायची आहे. व्याख्यान ऐकायचं कसं, हे कुणी सांगेल का?

पार्कचौक

आदल्या दिवशी वक्त्याच्या पेपरचा सारांश वाचून जा. निम्मं काम तिथंच होतं.

जुनी_फिजिओवाली

सारांश वाचून जा म्हणणं ठीक आहे, पण सारांशात निष्कर्ष असतो. तो आधीच डोक्यात बसला की पडद्यावर तोच दिसायला लागतो. मी मेडिकलच्या मुलांना बरीच वर्षं फिजिओलॉजी शिकवली, आता निवृत्त आहे. माझी पद्धत उलटी आहे. निष्कर्ष कानाआड करायचा आणि एकच आलेख धरायचा. पहिला "खरा" आलेख येईल तिथं थांब. आडव्या रेघेवर काय, उभ्या रेघेवर काय, एक ठिपका म्हणजे कोण? एक उंदीर, एक पेशी, की एकाच पेशीचा एक प्रयत्न? एवढं वहीत लिही. तेवढ्यात दोन स्लाइड पुढं गेल्या तरी जाऊ देत.

त्या ठिपक्यात फार गंमत असते. वक्ता म्हणतो, "साठ पेशी तपासल्या." उंदीर विचारावे तर तीन! साठ चादरी एकाच मागावरून उतरल्या असतील तर मागातला दोष साठही चादरींत येणार. आपण साठ माग तपासले असं म्हणता येत नाही. एका उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असतातच. तेव्हा हिशेब उंदरांचा करायचा, किंवा पेशी कुठल्या उंदराची हे गणितात धरायचं. हे विचारायला न्यूरोसायन्स यावं लागत नाही.

दुसरा प्रश्न तापमानाचा. हा माझा आवडता, आणि सोलापूरकराला तो सुचायलाच हवा. आमच्या काळी प्रॅक्टिकलला बेडकाचा पायाचा स्नायू, धुरानं काळा केलेला कागद आणि फिरता ड्रम असे. गार, साध्या आणि कोमट रिंगर द्रावणात (म्हणजे क्षार घातलेल्या पाण्यात) स्नायूचं आकुंचन कसं बदलतं ते काढायचं. गार द्रावणात आकुंचन संथ आणि लांबट, कोमटात झटपट. उन्हाळ्यात गारसाठी बर्फ मागवावा लागे, कोमट फुकट मिळे. आणि जर्नलमध्ये मुलं इमानदारीनं लिहायची "रूम टेंपरेचर", पुस्तकातल्यासारखं. कुठली रूम, बाबा?

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली चेतातंतूतल्या विद्युत्-लहरीची समीकरणं मांडली, १९६३ चं नोबेल त्याच कामाचं. प्रयोग माखलीच्या जातीतल्या स्क्विडवर केले होते, कारण त्याचा मोठा तंतू जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असतो, आत तार घालता येते. त्या समीकरणांतले आकडे ६.३ अंश सेल्सिअसचे आहेत. तापमान दहा अंशांनी वाढलं की चॅनेल (पेशीच्या पडद्यातल्या, विद्युत्-भारित कण ये-जा करायच्या वाटा) उघडण्या-मिटण्याचा वेग साधारण तिप्पट होतो, आणि त्यांनी तो गुणक समीकरणांतच धरला होता. म्हणजे स्लाइस (मेंदूचा जिवंत ठेवलेला पातळ काप) २४ अंशांवर ठेवून मोजलेली वेळ जिवंत उंदराच्या ३७ अंशांना जशीच्या तशी लावता येत नाही. वक्त्याला विचार, "रेकॉर्डिंग किती अंशांवर केलं?" चांगला वक्ता खूश होतो. जो उडवाउडवी करतो त्याच्याबद्दलही काहीतरी कळतंच.

तिसरा प्रश्न: पेशी कशात ठेवली होती? सिडनी रिंगर यांची गोष्ट वर्गात ऐकली असशील. लंडनमध्ये ते बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत होते. मग कळलं की मदतनीस ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचंच पाणी वापरत होता. शुद्ध पाणी घेतल्यावर हृदय मंदावून बंद पडायला लागलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. हे १८८३ चं. शंभर पानी थिसिसचा जीव कधी कधी एका क्षारात असतो, म्हणून मी द्रावणाची ओळ कधी सोडत नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहून वाचून दाखव. पाहुणा पुण्याचा असेल तर सरळ मराठीत विचार. आयोजकांनाही एक टोमणा मारून घेते: दीपप्रज्वलन, परिचय, शाल, नारळ, पाहुण्याला सोलापुरी चादर, हे सगळं निवांत चालतं. प्रश्नांना मात्र पाच मिनिटं!

सुईवाला

मॅडमचा तापमानाचा मुद्दा रोज आमच्या टेबलावर असतो. मी नसांच्या वेगाची तपासणी करतो, एनसीव्ही. विडी वळणाऱ्या बायका हाताला मुंग्या येतात म्हणून येतात. एसीत तासभर बसून हात गार पडला असेल तर नसेचा वेग दर अंशाला साधारण २ मीटर प्रति सेकंदानं कमी दिसतो. चार-पाच अंशांचा फरक पडला की चांगली नससुद्धा आजारी वाटते. म्हणून आधी कातडीचं तापमान बघायचं, ३२ च्या खाली असेल तर हात शेकायचा, मग सुरुवात. ज्या व्याख्यानात माणसांवरची नसांची मोजमापं दाखवतात, तिथं मी हेच विचारतो.

अक्कलकोट_रोड

मी कॉमर्सचा, तरी विचारतो. मिरचीचा आणि उष्णतेचा रिसेप्टर (संवेदना टिपणारं प्रथिन) एकच, आणि तो ४३ अंशांना चालू होतो असं वाचलं. आपल्याकडं मे महिन्यात ४४ होतं. मग आपण सगळे दिवसभर बोंबलत का नाही?

जुनी_फिजिओवाली

वा! सभागृहात असा प्रश्न आला तर लोक हसतील, पण प्रश्न अगदी नेमका आहे. त्या रिसेप्टरचं नाव टीआरपीव्ही१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मागावर जाऊन शोधला, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. ४३ हा आकडा हवेचा नाही, चेतातंतूच्या टोकापाशी असलेल्या तापमानाचा आहे. घाम वाळतो तोवर कातडी ३५-३६ च्या आसपास राहते. सोलापूरची हवा कोरडी, घाम पटकन उडतो, म्हणून निभावतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर बसलास की मात्र ४३ ओलांडतात आणि तू बोंबलतोस. आम्ल असेल तर तो आणखी कमी तापमानाला उघडतो, म्हणून सुजलेल्या जागेला साधं कोमट पाणीही झोंबतं.

आणि केगावकरा, बघ. याला विषय येत नाही, तरी आकडा कुठला हे विचारलं.

केगावकर_प्राणी

मॅडम, खूप आभार. पुढच्या व्याख्यानाच्या शीर्षकात "कॅल्शियम इमेजिंग" आहे. तिथं काय धरू?

जुनी_फिजिओवाली

त्यात पेशीची वीज थेट दिसत नाही. पेशीत कॅल्शियम वाढलं की आत घातलेलं प्रथिन चमकतं, ती चमक दिसते. विजेची एक लहर साधारण एका मिलिसेकंदाची, चमक मात्र शेकडो मिलिसेकंद रेंगाळू शकते. तेव्हा विचार: लागोपाठच्या दोन लहरी वेगळ्या ओळखता येतात का, आणि ते इलेक्ट्रोडनं पडताळून पाहिलंय का? एफएमआरआयचं व्याख्यान असेल तर आणखी सबुरी हवी. तिथं रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतात, आणि तो पेशींच्या कामानंतर पाचेक सेकंदांनी शिखराला पोचतो.

केगावकर_प्राणी

लिहून घेतलं. एकच अडचण आहे. तो चादरींचा प्रश्न मला सभागृहात विचारायचा होता, पण आमच्या गाइड सरांच्या पोस्टरवरही पेशी भरपूर आणि उंदीर चारच आहेत. ते शेजारीच बसलेले असतात.

जुनी_फिजिओवाली

मग आधी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचार, पोस्टर समोर ठेवून. सभागृहात तापमानाचं विचार.